तिरफळ आपल्या परसात, आणि चायनीज म्हणजे फक्त लाल रंग?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

म्हापशात गोबी मंच्युरियनच्या गाड्यांवर नगरपालिकेने बंदी आणली ती २०२४ च्या सुरवातीची गोष्ट, बोडगेश्वराच्या जत्रेच्या वेळी तो विषय निघाला होता. त्याआधी २०२२ मध्ये वास्को सप्ताहाच्या वेळीही एफडीएने, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाने, मुरगाव पालिकेला हे गाडे आवरायला सांगितलं होतं आणि नंतर मार्च २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने तर राज्यभर गोबीत कृत्रिम रंग घालायला मनाई केली. तेव्हापासून आमच्याकडे चायनीजचा विषय निघाला की दोनच गोष्टी ऐकू येतात, एक तर "ते रंगाचं विष खाऊ नका" आणि नाहीतर "पोरांना दुसरं काही आवडतच नाही त्याला काय करणार". मला ह्या दोन्ही सोडून तिसरंच सांगायचंय, जरा लांबेल, पण जागा असेल तर छापा.

माझं म्हणणं असं की गोव्यातल्या हॉटेलांनी चिनी जेवण प्रांतवार करायला लागावं आणि सुरवात सिचुआनपासून करावी, कारण सिचुआनच्या जेवणाचा जीव ज्या मसाल्यात आहे त्याचा भाऊबंद आपल्या डोंगरात, कुळागरात, परसात उभा आहे. तिरफळ. आमच्या आज्या ज्याला तेफळां म्हणत आल्या ते. आणि त्याच्याकडे आज कोणी बघत नाही ह्याचं मला खरंच वाईट वाटतं.

हे डोक्यात बसलं लंडनला. गेल्या उन्हाळ्यात भाचीकडे गेलो होतो, तिच्या ऑफिसातली एक मैत्रीण मूळची चेंगदूची, म्हणजे सिचुआनच्या राजधानीची. तिला कळलं की गोव्याहून मावशी आणि काका आलेत आणि दोघांनाही तिखट चालतं, तर तिने स्वतःहून आम्हाला सोहोमधल्या एका सिचुआन रेस्टॉरंटमध्ये नेलं. नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात नको. तिथून चायनाटाऊन अगदी जवळ, चालत पाच मिनिटं. त्या जेरार्ड स्ट्रीटवरची जुनी हॉटेलं बहुतेक कँटनच्या, म्हणजे दक्षिण चीनच्या पद्धतीची, हाँगकाँगकडून आलेल्या लोकांनी थाटलेली, काचेत भाजलेली बदकं टांगलेली असतात बघा तसली. सिचुआनवाले, हुनानवाले नंतर आले. म्हणजे त्या एका शहरात चिनी जेवायला जायचं म्हटलं तर लोक आधी विचारतात कुठलं चिनी, आणि मला ते फार आवडलं कारण आपणही तेच करतो, गोव्याचं जेवण म्हटल्यावर सारस्वतांचं की ख्रिश्चनांचं की भंडाऱ्यांकडचं, पेडण्याचं की काणकोणचं, असं विचारतोच की. चीनमध्ये आठ मोठ्या पाककला मानतात, शांदोंग, सिचुआन, ग्वांगदोंग, च्यांग्सू, फूच्येन, चच्यांग, हुनान आणि आन्ह्वी. आणि आपल्याकडे त्या सगळ्यांचं मिळून एकच कार्ड, सूप स्टार्टर राईस नूडल्स.

मेनूत मंच्युरियन नव्हतं, शेजवान राईस नव्हता, चिली चिकन नव्हतं. ऑर्डर त्या मुलीने दिली आणि तिने ती ज्या विचाराने दिली ते बघण्यासारखं होतं, एक तिखट तर एक अगदी सौम्य, एक थंड, एक पालेभाजी, एक नुसतं पाण्यासारखं सूप, सगळं टेबलाच्या मध्ये आणि प्रत्येकाच्या पुढ्यात छोट्या वाटीत बिनमिठाचा पांढरा भात. ती म्हणाली की आमच्याकडे एक म्हण आहे, एका पदार्थाची एक चव आणि शंभर पदार्थांच्या शंभर चवी. सिचुआनमध्ये म्हणे चवींचे चोवीस प्रकार मानतात आणि त्यातल्या कित्येकांत मिरची नसतेच. आपल्याला वाटतं सिचुआन म्हणजे तोंड पोळणं. पहिलीच प्लेट आली ती ठेचलेल्या काकडीची, वरून लसूण आणि काळं व्हिनेगर, गार. तिखटाचं नाव नाही.

मग मासे आले. ह्या पदार्थाचं नाव "पाण्यात उकडलेला मासा" असं साधं आहे आणि समोर येतं ते मोठं खोल भांडं, वर लाल तेलाचा थर, त्यावर सुक्या मिरच्या तरंगतायत आणि त्यांच्यामध्ये छोटे छोटे तपकिरी फुटलेले दाणे. आमच्या ह्यांनी चमचा उचलला रस घ्यायला, तर ती मुलगी घाईघाईने म्हणाली नको नको, ते प्यायचं नसतं, मासा फक्त चॉपस्टिकने बाहेर काढायचा, तेल निथळू द्यायचं आणि भातावर घ्यायचा. माशाचे पातळ काप रश्शात जेमतेम शिजवतात, खाली मोड आलेल्या कडधान्याचे कोंब पसरलेले असतात, आणि शेवटी वरून मिरच्या आणि ते दाणे घालून त्यावर कडकडीत तेल ओततात, थेट आपली वरून दिलेली फोडणी. मासा इतका मऊ होता की काटा शोधायला लागला नाही आणि तिखट दिसतं त्याच्या निम्मंही नव्हतं. पण दोन घास झाले आणि ओठ बधिर व्हायला लागले, जिभेच्या टोकाला झिणझिण्या, तोंडात लिंबाच्या सालीचा वास, आणि मी भाचीला म्हटलं अगं हे तर तेफळ आहे.

ती हसली, तिला वाटलं मावशी गंमत करतेय. मी तो एक दाणा भाताच्या वाटीच्या कडेला काढून ठेवला आणि नीट पाहिला. तसंच फुटलेलं कवच, तोंड उघडलेलं, आतलं काळं बी काढून टाकलेलं, बाहेरून सालीवर बारीक बारीक पुटकुळ्या. फक्त आकाराने आपल्या तिरफळापेक्षा लहान आणि रंग जास्त लालसर. हे नुसतं दिसण्याचं साम्य नाही हो, दोन्ही झाडं एकाच प्रजातीगटातली, झँथोझायलम, आणि कुळ लिंबा-संत्र्याचं. आपलं ते झँथोझायलम ऱ्हेत्सा, त्यांचं झँथोझायलम बंजिएनम. त्यांच्याकडे त्याला ह्वाज्याओ म्हणतात. लिंबाच्या कुळातलं म्हणून अमेरिकेने तर १९६८ पासून २००५ पर्यंत त्याच्या आयातीवर बंदी ठेवली होती, संत्र्यांच्या बागांना रोग लागेल ह्या भीतीने.

त्या झिणझिण्यांबद्दलही सांगते कारण ते मला फारच भारी वाटलं. ते तिखट नसतंच. सांशूल नावाचं द्रव्य आहे त्यात, ते जिभेच्या आणि ओठांच्या स्पर्श कळणाऱ्या नसांना चाळवतं. लंडनच्याच युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये २०१३ साली लोकांच्या ओठांना ही पूड लावून संशोधन केलं आणि त्यांना कळलं की ओठांना जी थरथर जाणवते ती साधारण ५० हर्ट्झच्या कंपनासारखी असते, म्हणजे सेकंदाला पन्नास वेळा. प्रत्यक्षात काहीच हलत नसतं. आमच्याकडे लहानपणी खतखत्यातलं तेफळ चुकून चावलं की तोंड वेडंवाकडं करायचो आणि मोठी माणसं म्हणायची थुंकून टाक, चावायचं नसतं. त्याचं कारण मला एवढ्या वर्षांनी सोहोत समजलं.

मापो तोफूही मागवला होता, तोफू म्हणजे सोयाबीनचं पनीर. हा पदार्थ चेंगदूचाच, एकोणिसाव्या शतकात छन आडनावाच्या एका घरातली बाई पुलाजवळच्या खानावळीत करायची, तिच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते आणि त्यावरूनच पदार्थाला नाव पडलं. मूळ पदार्थात बीफचा खिमा असतो, आम्ही तो न घालता मिळेल का विचारलं तर त्यांनी काही कुरकुर न करता करून दिला. ह्यातला लाल रंग कुठून येतो ते मी विचारलं. तर चेंगदूजवळ पीश्येन म्हणून भाग आहे तिथे बाकल्याच्या दाण्यांसारखे मोठे वाल आणि मिरच्या मिठात मुरवून पेस्ट करतात, वर्ष वर्ष, कधी तीन-तीन वर्षं उन्हात मोठ्या मातीच्या रांजणांत ठेवून रोज ढवळून. ती पेस्ट मंद आचेवर तेलात परतली की तेल माणकासारखं लाल होतं. रंगाची बाटली लागत नाही. चेंगदूला युनेस्कोने २०१० मध्ये पाककलेचं शहर म्हणून मान दिला तो उगीच नाही.

वांग्याचा एक पदार्थ होता, "मासळीच्या सुवासाचं वांगं" असं काहीतरी नाव आणि त्यात मासा औषधालाही नाही. माशाला जे घालतात ते, म्हणजे मुरवलेली मिरची, आलं, लसूण, कांद्याची पात, थोडी साखर थोडं व्हिनेगर, तेच वांग्याला घातलेलं. आगशीच्या किंवा ताळगावच्या वांग्याचं हे केलं तर काय होईल असं मला तिथेच वाटून गेलं.

आता कोणी म्हणेल की परदेशात एक जेवण जेवून आली आणि इथल्या गाडेवाल्यांना शिकवायला लागली. तसं अजिबात नाही. गाड्यावरचं चायनीज हे आपल्या देशात जन्मलेलं खाणं आहे आणि त्याचा मला आदर आहे. कोलकात्यात चीनमधले हाक्का लोक आले, टांग्र्यात त्यांनी हॉटेलं काढली, तिथून ते देशभर गेलं. चिकन मंच्युरियन नेल्सन वँग ह्यांनी १९७५ च्या सुमारास मुंबईत क्रिकेट क्लब ऑफ इंडियात केलं असं सगळेच सांगतात, हिरवी मिरची, आलं, लसूण ही आपली सामग्री आणि वरून सोया सॉस आणि कॉर्नफ्लोअर. ते तसंच राहू दे. मुंबईच्या ताजमध्ये सत्तरच्या दशकातच सिचुआन पद्धतीचं रेस्टॉरंट सुरू झालं होतं, म्हणजे पैसेवाल्यांना ते माहीत होतं, पण ते तिथून खाली उतरता उतरता त्यातला मुख्य मसालाच गळून पडला आणि उरली मिरची-लसणाची लाल चटणी. माझी तक्रार एवढीच आहे. ज्या जेवणाला शेजवान म्हणून सिचुआनचं नाव लावतो त्यात ह्वाज्याओ नाही, वालाची पेस्ट नाही, आणि त्यांची जागा भरून काढायला रंग आला. गाड्यावर धाड घालून रंग जाईल पण मग उरेल काय? स्वैपाक करणाऱ्या त्या पोरांना कोणी दाखवलंय का की लाल रंग असाही येतो? काश्मिरी मिरची तेलात मंद तापवली तरी येतो, आपल्याकडे तर काणकोणची खोलची मिरची आहे, जीआय मानांकन मिळालेली, रंगाला इतकी सुंदर.

आणि मिरचीचं म्हणाल तर ती त्यांचीही नव्हे आणि आपलीही नव्हे, अमेरिकेतून आली. पोर्तुगीज १५१० ला गोव्यात आले आणि त्यांच्याच जहाजांवरून ती आपल्याकडे उतरली. चीनमध्ये तिची पहिली लिखित नोंद १५९१ ची आहे आणि सिचुआनच्या रोजच्या जेवणात तर ती त्याच्याही खूप नंतर मुरली. त्याआधी तिथे ह्वाज्याओ होतं, आलं होतं. आपल्याकडे मिरी होती आणि तिरफळ होतं. हान राजघराण्याच्या काळात राणीच्या महालाच्या भिंतींना ह्वाज्याओ मिसळून गिलावा करायचे, ऊब राहावी, सुवास राहावा म्हणून, आणि सिचुआनमधल्या हानयुआनचं ह्वाज्याओ सम्राटाला नजराणा म्हणून जायचं. इतकी किंमत ते लोक ह्या काटेरी झाडाला देत आले. आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या पोरांना कोणी सांगत नाही, चीनच्या किनाऱ्यावरचं मकाव १८४४ पर्यंत गोव्यातून चालवलं जायचं, ते पोर्तुगीजांच्या इंडिया राज्याचाच भाग होतं. मकावमध्ये आजही बेबिंका नावाचा नारळाच्या दुधाचा गोड पदार्थ करतात. म्हणजे चीन आणि गोवा ह्यांचा स्वैपाकघराचा संबंध तीन-चारशे वर्षांचा आहे आणि आपण तो गोबीच्या गाड्यावरून मोजतोय.

अजिनोमोटोबद्दलही दोन शब्द, कारण हा विषय निघाला की कोणीतरी ते काढतंच. ती भीती पसरली १९६८ मध्ये, एका अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकाच्या संपादकांना एका डॉक्टरने चिनी हॉटेलात जेवल्यावर कसंतरी होतं असं पत्र लिहिलं त्यावरून. अजिनोमोटोत जो ग्लुटामेट असतो तोच पिकलेल्या टोमॅटोत असतो, चीजमध्ये असतो आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानेही तो सुरक्षित मानलाय. रोडामाइनसारख्या कपड्याच्या रंगाला जरूर पकडा, तिथे दयामाया नको, पण दोन्ही एका पारड्यात टाकू नका. घरात बसून "सगळं चायनीजच घाण" म्हणणाऱ्यांना मला हे सांगावंसं वाटतं की एवढ्या मोठ्या देशातल्या लोकांच्या हजारो वर्षांच्या स्वैपाकाला आपण दहा बाय दहाच्या एका गाड्यावरून नावं ठेवू नयेत.

परत आल्यावर मी घरी करून बघितलं. फडताळातली गेल्या वर्षीची सुकी तिरफळं काढली, बिया निवडून फेकल्या कारण त्या कडू लागतात, कवचं कोरड्या तव्यावर वास सुटेपर्यंतच भाजली, जास्त भाजली की करपट होतात. खलबत्त्यात कुटून चाळून घेतली आणि तेलात परतलेल्या वांग्यावर आलं-लसूण-मिरचीबरोबर शेवटी चिमूटभर घातली. झिणझिण्या आल्या. वास थोडा वेगळा, ह्वाज्याओ जरा फुलासारखं नाजूक वाटतं आणि आपलं तिरफळ जास्त रानटी, हिरव्या लिंबाच्या सालीचं आणि ओल्या लाकडाचं. मला आपलं जास्त आवडलं हे सांगायला मला काहीच लाज नाही. सुनेने दुसऱ्यांदा वाढून घेतलं, नातवाने तर नूडल्सवर घालून मागितलं.

पण हीच तिरफळं मिळतात किती जणांना? पावसाळा सरताना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात, फोंड्याच्या बाजारात बायका ओल्या हिरव्या तिरफळांचे घोस घेऊन बसतात आणि त्यांच्या टोपलीत दिवसेंदिवस ते कमीच दिसतात. झाड उंच वाढतं, खोडाला जाड काटे, वर चढून घोस काढणारी माणसं आता म्हातारी झाली आणि पुढची पोरं चढत नाहीत, आणि त्यांना चढा म्हणायचा अधिकारही आपल्याला नाही जर भाव मिळत नसेल तर. बाजारात ते घेतंय कोण, तर बांगड्याची उडदामेथी आणि खतखतं करणारी घरं, तीही घरात कोणी जुनं माणूस असेल तर. ताज्या बांगड्याच्या हुमणात नुसतं चार तिरफळं ठेचून घातली तर वास कसा लागतो हे नव्या घरांत माहीतच नाही. झाडं परसातून तोडून कंपाउंड घातली जातात. अशा वेळी एखाद्या कळंगुटच्या किंवा पणजीच्या हॉटेलाने वर्षाला दहा किलो तिरफळ ठरलेल्या भावाने घेतलं तर त्या टोपलीवालीचं काय होईल ह्याचा विचार करा. हॉटेलाला काय, त्याचा एक पदार्थ असा होईल जो मुंबई-दिल्लीत कोणाला करता येणार नाही.

म्हणून माझी विनंती आहे. पर्वरीच्या हॉटेल मॅनेजमेंट इन्स्टिट्यूटने चायनीजच्या प्रॅक्टिकलला सिचुआनचे दोन-चार पदार्थ तिरफळ घालून करून बघावेत, पोरं हुशार आहेत, त्यांना एकदा चव कळली की पुढचं ती करतील. कृषी खात्याने आणि जुन्या गोव्याच्या आयसीएआरच्या केंद्राने तिरफळाची रोपं, कलमं, कमी उंचीची झाडं ह्याकडे लक्ष द्यावं, खोलच्या मिरचीला आणि आगशीच्या वांग्याला मानांकन मिळालं तसं ह्याचंही कोणीतरी बघावं. हॉटेलवाल्यांनी मेनूवर प्रांताचं नाव लिहावं, आणि जे लिहिलंय ते ताटात द्यावं, गिऱ्हाईक पळून जाईल ही भीती सोडावी. जे गिऱ्हाईक बांगड्याचं तिखलं चाटून पुसून खातं ते सिचुआनच्या माशाला घाबरणार नाही. आणि नगरपालिकांनी गाडे उचलण्याआधी एकदा ह्या पोरांना बोलवून रंगाशिवाय लाल सॉस कसा होतो त्याची एक दिवसाची शिकवणी ठेवावी, खर्च फार नाही, माणसं मिळतील, मी स्वतः तिरफळं घेऊन यायला तयार आहे.

तुमच्या पुरवणीत दर आठवड्याला पाककृती येतात, बऱ्याचदा त्याच त्या पनीरच्या. येत्या हंगामात ओली तिरफळं बाजारात आली की एक पान ह्याला द्या, तेफळांचे जुने पदार्थ जाणणाऱ्या बायका फोंड्यात, सांगेत, काणकोणात अजून आहेत, त्यांच्याकडून लिहून घ्या आणि त्याच पानावर एक सिचुआनचा पदार्थ छापा.

आपली,
एक वाचक, फोंडा, गोवा